मालमोटारीच्या चाकाची रिम : सडकेवर कोणती व शिवारांत कोणती

हल्लीं बागाइतदारांपैकीं पुष्कळांच्या दारीं लहान मालमोटार, जिला सर्व लोक पिकअप म्हणतात, ती उभी असते; आणि ऊंसवाल्या व कांदेवाल्या मंडळींपैकीं कांहींजणांनीं तर सहा किंवा दहा चाकांच्या मोठ्या मालमोटारीहि बाळगिल्या आहेत. गाडी घेतेवेळीं इंजिन किती शक्तीचें, डिझेल किती लागेल, हप्ता किती पडेल याची चौकशी सर्वजण करतात. चाकाची मात्र फारसा कोणी करीत नाहीं. पुढें टायर झिजले म्हणजे मालक किंवा त्याचा चिरंजीव तालुक्याच्या गांवीं दुकानांत जातो. तेथें चकाकणाऱ्या मोठमोठ्या रिमा टांगलेल्या असतात. त्या त्याच्या मनांत भरतात, आणि मूळच्या पंधरा इंची लोखंडी रिमा काढून सतरा किंवा अठरा इंची रिमा बसवून तो घरीं येतो. गाडी रुबाबदार दिसते यांत शंका नाहीं. परंतु मृगाचा पाऊस पडून पाणंदीचा राडा झाला, आणि पहाटेच्या लिलावाला माल पोंचविण्याची वेळ आली, म्हणजे ह्या रुबाबाची किंमत कळूं लागते. सबब रिमेचें माप कसें ठरवावें, ह्याविषयीं आम्हांस जी माहिती आहे ती येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम रिम म्हणजे काय तें पाहूं. चाकाच्या ज्या धातूच्या कड्यावर टायर बसतो ती रिम. कारागीर लोक तिला डिस्क असेंहि म्हणतात. तिचें माप इंचांत सांगतात. हें माप टायरची कड जेथें बसते तेथील व्यासाचें असतें, रिमेच्या बाहेरच्या ओठाचें नसतें. म्हणून गज घेऊन ओठापासून ओठापर्यंत मोजल्यास माप अधिक भरतें व मनुष्य फसतो. गजाच्या भानगडींत न पडतां टायरच्या बाजूवरील अक्षरें वाचावीं हें बरें.

टायरवर समजा २३५/७५ आर १५ असें लिहिलें आहे. पहिला आंकडा टायरची रुंदी, २३५ मिलिमीटर. दुसरा आंकडा टायरच्या बाजूची, म्हणजे रिमेपासून जमिनीपर्यंतच्या भागाची उंची दाखवितो. ती रुंदीच्या शेंकडा ७५. ह्या भागास आम्ही पुढें ‘कूस’ असें म्हणूं. ‘आर’ म्हणजे टायरचे आंतील दोरे कडेपासून कडेपर्यंत आडवे घातलेले आहेत, ज्यास रेडियल म्हणतात, असें समजावें. शेवटचा आंकडा रिमेचा, १५ इंच. आतां हिशेब करावा. २३५ चे शेंकडा ७५ म्हणजे सुमारें १७६ मिलिमीटर एक कूस. वर व खालीं मिळून दोन कुशी ३५२॥ मिलिमीटर. पंधरा इंचांचे ३८१ मिलिमीटर. एकूण चाकाचा व्यास ७३३॥ मिलिमीटर. हा त्रैराशिकाहूनहि सोपा हिशेब ज्यास येतो, त्यास दुकानदार सहसा फसवूं शकत नाहीं.

हाच हिशेब मोठ्या रिमेचा करून पाहावा. सतरा इंची रिमेवर २३५/६५ चा टायर बसविला तर एकूण व्यास ७३७ मिलिमीटर होतो. अठरा इंची रिमेवर २३५/६० चा बसविला तर ७३९ होतो. म्हणजे तिन्ही चाकें उंचीला जवळजवळ सारखींच. मग फरक कोठें पडला? कुशींत. पंधरा इंचीची कूस १७६, सतरा इंचीची १५३, अठरा इंचीची अवघी १४१ मिलिमीटर. रिम तीन इंच वाढविली कीं हवेची उशी दीड इंचाच्या सुमारास पातळ होते. रिमेच्या सर्व प्रश्नाचें मर्म ह्या एका गोष्टींत आहे.

आमच्या लोकांचा समज ह्याच्या उलट आहे, आणि तो बैलगाडीवरून झालेला आहे. बैलगाडीचें चाक जितकें मोठें तितकें तें दगडावरून व चाकोरींतून सुखानें निघतें, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव खरा आहे. परंतु बैलगाडीच्या चाकाला आरे, तुंबा व वर लोखंडी धाव एवढेंच असे. त्यांत दबणारा भाग कोणताच नसल्यामुळें मोठेपणाशिवाय दुसरा उपाय नव्हता. जॉन बॉइड डनलॉप ह्यानें १८८८ सालीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें, आणि तेव्हांपासून दगड चाकाच्या पोटांत घेण्याचें काम हवा करूं लागली. ट्रॅक्टरसुद्धां आरंभीं लोखंडी चाकांवर चालत. अमेरिकेंत अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीनें १९३२ सालीं हवेच्या टायरवरचा ट्रॅक्टर बाजारांत आणला, व थोड्याच वर्षांत लोखंडी चाकें मागें पडलीं. तेव्हां रिम मोठी करणें म्हणजे चाक मोठें करणें नव्हे. बाहेरचा घेर तोच ठेवून रिम मोठी केली, तर आपण धातू वाढवितों आणि हवा कमी करतों, म्हणजे उलट बैलगाडीच्या दिशेनें परत जातों.

आतां शिवारांत काय घडतें तें पाहूं. टायरचा जमिनीला टेकलेला भाग किती मोठा असतो, हें स्थूलमानानें भार व हवेचा दाब ह्यांवरून ठरतें. एका चाकावर ७०० किलो भार आहे व हवा ५० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो आहे, असें धरल्यास टेकलेला भाग सुमारें २०० चौरस सेंटिमीटर होतो. हवा २५ पौंड केली तर तोच भाग ४०० वर जातो. काळ्या ओल्या जमिनींत चाक रुतणें न रुतणें ह्याच फरकावर पुष्कळ वेळां अवलंबून असतें. शिवाय वारंवार गाडी नेल्यानें पिकाची जमीन खालीं घट्ट होते, तीहि कमी दाबानें कमी घट्ट होते. परंतु हवा उतरविण्याला कूस उंच पाहिजे. उंच कूस दबून लांबट पसरते. आखूड कूस दबावयास जागाच नसल्यामुळें रिमेचा ओठ खालीं टेकूं लागतो. खड्ड्याच्या कांठावर किंवा बांधावरील धोंड्यावर चाक आदळलें म्हणजे टायर रिम व दगड ह्यांच्यामध्यें अडकित्त्यांतील सुपारीप्रमाणें सांपडतो. आंतले दोरे तुटतात, कुशीवर फुगवटा येतो, आणि तो टायर मग पुढें कधींतरी भर रस्त्यावर फुटतो. आमच्या परिचयाच्या एका द्राक्षबागाइतदाराच्या गाडीच्या अठरा इंची रिमांपैकीं दोन रिमा एकाच पावसाळ्यांत तडकल्या. विकणाऱ्यानें त्यास ‘रस्ता खराब, आम्ही काय करणार’ असें उत्तर दिलें. उत्तर खोटें नव्हतें. परंतु गिऱ्हाईक कोणत्या रस्त्यानें जाणार हें विकण्यापूर्वीं विचारावयास हवें होतें.

हवा उतरविण्याविषयीं येथेंच एक इशारा. रिकाम्या किंवा थोड्या भाराच्या गाडीचीच हवा उतरवावी, ती मूळच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाहून अधिक उतरवूं नये, आणि तितका वेळ गाडी बैलाच्या चालीपेक्षां फार वेगानें हांकूं नये. भरलेल्या गाडीची हवा उतरवूं नये. डांबरी सडक लागण्यापूर्वीं हवा पुन्हां पुरी भरलीच पाहिजे. म्हणून गाडींत लहानसा पंप व दाब मोजण्याचें घड्याळ ठेवावें. कमी हवेचा टायर वेगानें चालविला कीं त्याची कूस प्रत्येक फेऱ्याला वांकते व सरळ होते, त्यानें उष्णता वाढत जाते, व शेवटीं टायरच्या थरांची ताटातूट होते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे व २०२५ सालीं तो संपूर्ण खुला झाला. अशा सलग सडकेवर उन्हाळ्याच्या दिवसांत शेतांतली उतरलेली हवा तशीच ठेवून जाणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

मोठ्या रिमेचे गुण मुळींच नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. आखूड कूस वळणावर कमी डुलते, सुकाणू फिरवितांच गाडी चटकन वळते, व रिमेच्या पोटांत मोठ्या ब्रेकला जागा मिळते. वेगवान प्रवासी मोटारींना हे गुण उपयोगाचे आहेत. परंतु टोमॅटोच्या क्रेटी भरलेल्या गाडीला वळणावर चपळाई दाखविण्याचें कारण काय? ज्याची गाडी बारमाही सडकेवरच असते, शेताच्या बांधाला कधीं लागतच नाहीं, त्यानें सोळा किंवा सतरा इंची रिम कंपनीनेंच दिली असल्यास ती सुखानें वापरावी. ज्याची गाडी रोज पाणंदीनें जाते, त्यानें कंपनीनें त्या गाडीस मान्य केलेल्या रिमांपैकीं सर्वांत लहान रिम व सर्वांत उंच कूस घ्यावी. त्याहून लहान रिम मात्र घेतां येत नाहीं, कारण ब्रेकचा सांगाडा तिच्या आंत मावत नाहीं.

रिमेहूनहि महत्त्वाची गोष्ट भाराची आहे. टायरवर मापाच्या पुढें एक आंकडा व एक रोमन अक्षर असतें. आंकडा तो टायर किती भार सोसेल हें दाखवितो : १०० म्हणजे ८०० किलो, १०३ म्हणजे ८७५, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२० किलो. अक्षर वेगाची मर्यादा सांगतें. आतां समजा, भरलेल्या गाडीच्या मागच्या आंसावर १८०० किलो वजन आहे. प्रत्येक चाकावर ९०० आलें. ज्यावर १०३ लिहिलें आहे असा प्रवासी मोटारीचा अठरा इंची टायर तेथें घातला तर तो उभ्या गाडीचाहि भार सोसण्यास पुरेसा नाहीं. मग खड्ड्यांतील दणक्याची गोष्टच बोलावयास नको. १०४ चा घातला तर शिल्लक कांहींच नाहीं. तेथें १०८ किंवा त्याहून वरचाच पाहिजे. आपल्या आंसावर खरोखर किती वजन पडतें हें ठाऊक नसल्यास साखर कारखान्याच्या किंवा बाजारसमितीच्या काट्यावर भरलेल्या गाडीचीं फक्त मागचीं चाकें चढवून वजन करून घ्यावें. दहा मिनिटांचें काम आहे, आणि येणारा आंकडा पाहून पुष्कळांचे डोळे उघडतील असें आम्हांस वाटतें.

कित्येकजण रिम तीच ठेवून किंवा एखाद्या इंचानें वाढवून बाहेरचा घेरच मोठा करतात, म्हणजे गाडी उंच होऊन बांधाला घासणार नाहीं असा हेतु असतो. वरील ७३३॥ मिलिमीटरच्या चाकाऐवजीं २३५/८५ आर १६ चें चाक घातलें तर व्यास सुमारें ८०६ होतो. व्यास ७२ मिलिमीटरांनीं वाढला तरी गाडी त्याच्या निमपट, म्हणजे ३६ मिलिमीटरच उंच होते. कारण आंस चाकाच्या मध्यावर असतो. ह्या दीड इंचासाठीं किंमत काय द्यावी लागते? चाक जवळजवळ दहावा हिस्सा मोठें झाल्यामुळें वेग दाखविणारा कांटा ५० दाखवितो तेव्हां गाडी ५५ नें धांवत असते. जमिनीवर लागणारी ओढ तितक्याच प्रमाणांत कमी होते, म्हणून चढावर गियर आधींच उतरवावा लागतो. ब्रेकलाहि अधिक जोर लागतो. घाटांतून भरलेली गाडी उतरविणाऱ्यानें ह्या शेवटच्या गोष्टीचा नीट विचार करावा. घेरांतील फरक शेंकडा दोन-तीनच्या आंत ठेवावा हें आमचें मत आहे.

रुंदीसंबंधानें थोडक्यांत सांगतों. वरवर चिखल व खालीं मुरूम असेल तर अरुंद टायर चिखल कापून कठिण थराला पोंचतो; खोल काळी जमीन असेल तर रुंद टायर तरंगतो. पण रुंद टायरला रुंद रिम लागते, आणि रुंद रिम बाहेर काढून बसविली कीं भार बेअरिंगच्या बाहेर लोंबकळतो व बेअरिंग लौकर जातें. शिवाय काळी माती चाक व मडगार्ड ह्यांच्यामध्यें थापली जाऊन चाकच अडतें, हा अनुभव ज्यांनीं घेतला आहे त्यांस अधिक सांगणें नलगे.

आतां मोठ्या मालमोटारींकडे वळूं. येथें निवड वीस इंची व साडेबावीस इंची ह्यांमध्यें असते. वीस इंची रिमेवर ट्यूबचा टायर बसतो. साडेबावीस इंची रिम बिनट्यूबच्या टायरची. तिची बैठक पंधरा अंशांनीं उतरती केलेली असते व टायरची कड तीवर घट्ट बसून हवा कोंडते. येथेंहि हिशेब मजेचा आहे. २९५/९० आर २० चा व्यास १०३९ मिलिमीटर, आणि २९५/८० आर २२॥ चा सुमारें १०४३॥. म्हणजे पुन्हां घेर तोच. कूस मात्र २६५ वरून २३६ वर येते.

लांब पल्ल्याच्या वाहतुकीस, जसें लासलगांवचा कांदा उत्तरेकडे नेण्यास, साडेबावीस इंचीच चांगली. ट्यूब व टायर ह्यांचें आंतल्या आंत घर्षण नसल्यानें टायर थंड चालतो. खिळा शिरला तरी हवा हळूहळू जाते, म्हणून गाडी बाजूस घेण्यास सवड मिळते. चाकाचें वजनहि कमी होतें. ज्या गाडीला ऊंसाच्या फडांत, वाळूंत किंवा खडीच्या खाणींत जावयाचें आहे, तिची गोष्ट निराळी. तेथें रिमेचा ओठ दगडानें वांकला तर बिनट्यूबची हवा लागलीच गळूं लागते. ट्यूबच्या चाकाचें तेवढ्यानें अडत नाहीं. वीस इंची चाक खेड्यांतील पंक्चरवाला दोन पहारी व घण ह्यांनीं उघडून दुरुस्त करूं शकतो. साडेबावीस इंचीला वाकबगार मनुष्य व बहुधा यंत्र लागतें. म्हणून फडांतल्या गाडीस वीस इंची अजूनहि गैर नाहीं.

मात्र वीस इंची रिमेचा एक धोका आहे, व तो टायरच्या किंमतीचा नसून जिवाचा आहे. ही रिम बहुधा अखंड नसते. तिच्या एका बाजूस काढघाल करण्याजोगी कडी असते, तिला रिंग किंवा लॉक म्हणतात, आणि टायर रिमेवर राहतो तो ह्या कडीच्या आधारानें. शंभर पौंडांहून अधिक हवा भरली कीं कडीवर कित्येक टन जोर येतो. कडी गंजलेली, वांकलेली, दुसऱ्याच रिमेची किंवा खांचेंत नीट न बसलेली असेल तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते, आणि समोर वांकून बसलेल्या मनुष्याचें डोकें तिच्या वाटेंत असतें. असे अपघात वारंवार झाल्यामुळें अमेरिकेच्या सरकारनें १९८० सालीं अशा रिमांच्या दुरुस्तीसाठीं स्वतंत्र नियम केले; त्यांत हवा भरतांना चाक लोखंडी पिंजऱ्यांत ठेवण्याची सक्ति आहे. आपल्या गांवच्या पंक्चरवाल्याजवळ पिंजरा नसेल तर निदान चाक उलटें करून, कडी जमिनीकडे करून, साखळदंडानें बांधून, लांब नळीनें दूर उभें राहून हवा भरावी. पिंजऱ्याची सर ह्यास येत नाहीं हें लक्षांत असावें. जोडचाकांपैकीं एक काढावयाचें असेल तर नटांना हात लावण्यापूर्वीं दोन्ही चाकांची हवा पूर्ण सोडावी, वाल्वची कांडी काढून घ्यावी. बाहेरचें चाकच आंतल्या तडकलेल्या रिमेला दाबून धरीत असेल, तर नट सैल होतांच सर्व सामान अंगावर येतें. मुलांना व गड्यांना हवा भरतांना जवळ उभें राहूं देऊं नये. पंक्चरवाला हंसला तरी हंसूं द्यावें.

जोडचाकांत दोन्ही टायर एकाच घेराचे असावे. एक नवा व एक झिजलेला घातल्यास नवा सर्व भार घेतो व झिजलेला नुसता घासत फिरतो. दोहोंमध्यें दगड अडकलेला असल्यास सडकेला लागण्यापूर्वीं काढावा; तो सुटून मागच्या मोटरसायकलवाल्यास लागतो.

कायद्याकडेहि लक्ष दिलें पाहिजे. मालवाहू गाडीच्या नोंदणीच्या अर्जांत प्रत्येक आंसावरील टायरांची संख्या, वर्णन व माप लिहावें लागतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें नोंदणींतील तपशील कंपनीनें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. आमचें आयुष्य नोंदी व उतारे ह्यांत गेलें, म्हणून वाचकांस आग्रहानें सांगतों कीं, कागद एक व वस्तु दुसरी असली म्हणजे अपघातानंतर विमा कंपनीस हरकत काढावयास आयतें निमित्त मिळतें. नवा टायर घेतांना माप व भाराचा आंकडा पावतीवर लिहून घ्यावा.

राहिली धातूची गोष्ट. पोलादी रिम दगडावर आपटल्यास वांकते, व थोडी वांकली तर कारागीर ती सरळ करतो. ओतीव मिश्रधातूची रिम बहुधा तडकते, व तडकलेली रिम जोडून वापरणें धोक्याचें आहे. पाणंदीच्या गाडीस पोलादीच बरी. कोणत्याहि रिमेला टायर चढलेला असतांना, हवा काढलेली असली तरी, वेल्डिंग करूं देऊं नये; उष्णतेनें आंतील रबराचा वायु होऊन टायर स्फोटासारखा फुटतो. रिम बदलल्यास नट तिच्याच जातीचे आहेत कीं नाहींत हें पाहावें. कांहीं रिमांना निमुळत्या बैठकीचे नट लागतात, कांहींना सपाट बैठकीचे, आणि एकाचे दुसऱ्यास घातल्यास ते घट्ट झाल्यासारखे वाटतात पण राहत नाहींत. नवें चाक बसविल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालली म्हणजे नट पुन्हां आंवळावे. आंवळतांना ओळीनें न आंवळतां समोरासमोरचे आंवळावे, व पान्ह्यावर उभें राहून नाचूं नये, कारण त्यानें बोल्टाचे आटे ताणले जातात.